अक्षराचं नाव आणि अक्षराचं काम: पहिली-दुसरीला इंग्रजीचे छोटे स्वर शिकवताना

प्रश्न: देवगड तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत मी गेल्या वर्षी रुजू झाले. पहिली आणि दुसरी माझ्याकडे आहे. मुलांना ए टू झेड तोंडपाठ आहे, 'सी ए टी कॅट' धडाधड म्हणतात. पण 'कॅप' हा शब्द नव्याने दाखवला की कोणी 'केप' वाचतं, कोणी 'कप'. 'बेड' आणि 'बॅड' त्यांना एकच वाटतात. मोबाईलवर फोनिक्सचे, म्हणजे अक्षरांचे आवाज शिकवणारे, व्हिडिओ दाखवले, भिंतीवर पाच स्वरांचा तक्ता लावला, फरक पडला नाही. घरी इंग्रजी कोणाला येत नाही. हे छोटे स्वर शिकवायचे तरी कसे?

उत्तर:

ताई, 'कॅप'ला 'केप' म्हणणारं मूल आपण शिकवल्याबरहुकूम वाचतंय. आपण त्याला सांगितलं की हे अक्षर 'ए'. त्याने क, ए, प जुळवलं आणि 'केप' म्हटलं. 'कप' म्हणणारं मूल तर आणखी एक पायरी पुढे गेलंय. त्याने इंग्रजी अक्षरं पहिल्यांदा पाहिली ती स्वतःच्या नावात. समजा मुलीचं नाव कमल. के-ए-एम-ए-एल. त्यात 'ए' दोनदा येतो आणि दोन्ही वेळा 'अ' बोलतो. मग सी-ए-पी 'कप' का नाही? आपल्या रेल्वे स्टेशनच्या पाट्या बघा. सावंतवाडीत 'ए' तीनदा आहे: एकदा 'आ', एकदा 'अ', परत 'आ'. कुडाळमध्ये 'यू' म्हणजे 'उ' आणि 'ए' म्हणजे 'आ'. 'ए' म्हणजे 'ॲ' असं सांगणारी एकही पाटी या मुलांच्या रोजच्या वाटेवर नाही.

म्हणून आधी एक ठरवून टाका: चूक ऐकली की ती कुठून आली ते शोधायचं. 'केप' अक्षराच्या नावातून आलं, 'कप' माणसांच्या नावांतून आलं. दोघांना औषध वेगळं.

मी २००१ साली रुजू झाले. आदल्याच वर्षी, २००० च्या जूनपासून, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं होतं आणि आम्ही सगळेच चाचपडत होतो. मीही पाच-सहा वर्षं 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' हेच घोकून घेतलं. वर्ग दणाणायचा, बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं काय इंग्रजी चाललंय! एके दिवशी सहज फळ्यावरचा शेवटचा 'टी' पुसून तिथे 'पी' लिहिला आणि वर्गातल्या सर्वांत हुशार पोराला उभं केलं. तो म्हणाला, 'कॅट'. म्हटलं, नीट बघ. त्याने नीट बघितलं आणि मलाच विचारलं, "बाई, ह्या मांजर न्हय?" त्याने एकही अक्षर वाचलं नव्हतं. शब्दाचा चेहरा आणि माझा सूर, एवढ्यावर त्याचं चाललं होतं.

आता खरी अडचण. पुढे मी 'अक्षर ए' म्हणेन तेव्हा इंग्रजी वर्णमालेतलं ते अक्षर समजा, आणि नुसतं अवतरणात 'ए' लिहीन तेव्हा आपल्या मराठीतला स्वर.

इंग्रजीतल्या पाच स्वराक्षरांची नावं आणि त्यांचे छोटे आवाज समोरासमोर ठेवा. अक्षर ए बोलतं 'ॲ'. अक्षर ई बोलतं 'ए'. अक्षर आय बोलतं 'इ'. अक्षर ओ बोलतं 'ऑ'. अक्षर यू बोलतं 'अ'. म्हणजे ज्याला 'ई' म्हणायचं ते 'ए' बोलणार, आणि ज्याला 'ए' म्हणायचं ते भलतंच बोलणार. सगळे एकमेकांच्या घरात शिरलेत. इंग्रज मुलाच्या मनात 'ए' हा स्वर आणि 'ए' हे अक्षर यांची एवढी गल्लत होत नाही. आपल्या मुलाने मात्र अ, आ, इ, ई, ए, ऐ हे स्वर नुकतेच, अगदी याच नावांनी, शिकलेले असतात. आणि आपल्याकडे स्वराचं नाव तोच त्याचा आवाज. ही फार प्रामाणिक व्यवस्था आहे. त्यातून उठून मूल इंग्रजीत येतं. माझ्या वर्गातली एक मुलगी एकदा वैतागून म्हणाली, "बाई, ह्यो ए खोटा बोलता." मी ते वाक्य तेव्हापासून दर वर्षी वापरते.

(हा घोळ मुळात इंग्रजांचा. साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकात त्यांचे लांब स्वर तोंडात जागा बदलत गेले, छोटे बरेचसे होते तिथेच राहिले. त्याआधी अक्षर ए म्हणजे बऱ्यापैकी 'आ' आणि अक्षर आय म्हणजे 'ई' होतं. मुलांना हे सांगायचं नाही, पण आपल्याला माहीत असलं की मुलांवर चिडायला होत नाही.)

म्हणून वर्गात दोनच शब्द रुजवा: अक्षराचं नाव आणि अक्षराचं काम. "ह्याचं नाव काय?" "ए." "काम काय?" "ॲ." वाचताना कामाला हाक मारायची, नावाला नाही. स्पेलिंग सांगताना नाव. पहिलीला तर मी दिवाळीपर्यंत नाव विचारतच नाही. पालक विचारतात, "पोराक एबीसीडी येना नाय?" त्यांना मी फळ्यावर 'मॅट' लिहून पोराकडून वाचून दाखवते, मग ते गप्प बसतात.

आणि कृपा करून यांना 'ऱ्हस्व स्वर' म्हणू नका. आपल्याकडे ऱ्हस्व म्हटलं की मुलाला पहिली वेलांटी आणि पहिला उकार आठवतो. 'ॲ' आणि 'ऑ' यांना कुठली वेलांटी? मी 'छोटा आवाज' म्हणते.

तुमच्या भिंतीवरचा पाच स्वरांचा तक्ता आता काढून ठेवा. पाचही एकदम दिसले की मूल अंदाज लावतं. मलाही एका प्रशिक्षणात एका आठवड्यात पाचही उरकायला सांगितलं होतं आणि मी ते इमानदारीने केलं, पुढचे चार महिने निस्तरत बसले. एका वेळी एक स्वर. पुढचा स्वर आधीच्यापासून तोंडात जितका लांब तितका बरा. 'ए' आणि 'ॲ' पाठोपाठ आणले की गोंधळ ठरलेला. माझा क्रम असा: अक्षर ए, मग आय, मग ओ, मग यू, आणि सर्वांत शेवटी ई. ब्रिटनमध्ये बऱ्याच शाळा एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांपासून सुरुवात करतात, त्यातही स्वर ए आणि आयच आहेत. या सहांत सॅट, पिन, टॅप, टिन, नॅप, पॅन, सिप असे ढीगभर शब्द बसतात.

'ॲ' आवाज मुलांना येत नाही असं समजू नका. "हॅ! काहीतरीच!" म्हणताना तोच येतो. कुत्र्याला "हॅट्" करताना तोच. 'ऑ' तर मुलं दिवसातून दहादा म्हणतात, काही ऐकू आलं नाही की "ऑ?". आवाज तोंडात आहेच, फक्त त्याला कागदावरची खूण जोडायची आहे. सरकारनेही २००९ च्या शासन निर्णयात 'ॲ' आणि 'ऑ' यांना वर्णमालेत रीतसर जागा दिली आहे.

ओळखीसाठी तक्त्यावरचे ॲपल, एलिफंट, इग्लू, ऑक्टोपस मला पटत नाहीत. इग्लू आपल्या मुलाने कुठे पाहिलंय? एलिफंट म्हणताना 'ए'च्या मागोमाग 'ल' येतो आणि मुलाला ते एल अक्षर वाटतं. बंदरावर चला. डिझेलचा कॅन. मासळीचा बॉक्स. बर्फाचा टब. आईच्या साडीची पिन. आणि 'ए'साठी जेट्टी. हे पाचही शब्द मूल शाळेत येण्याआधीपासून बोलतं, ते इंग्रजी आहेत हे त्याला माहीतही नसतं. कॅन, पिन, बॉक्स, टब, जेट्टी: माझ्या वर्गात प्रत्येक स्वराला त्या वस्तूच्याच नावाने ओळखतात. 'कॅनवाला आवाज.' 'टबवाला आवाज.' 'नेट' हा शब्द 'ए'साठी घेऊन बघितला होता. पोरांना वाटलं मी मोबाईलच्या नेटबद्दल बोलतेय. जाळ्याला इथे जाळंच म्हणतात.

आता जोडणी, कारण बहुतेक गाडी तिथेच रुतते.

आपल्या देवनागरीत व्यंजनाच्या पोटात 'अ' असतोच. म्हणून मूल 'ब' म्हणतं तेव्हा 'ब्+अ' म्हणतं, आणि ब-ॲ-ट जोडायला गेलं की 'बअॅट' असं काहीतरी गडगडतं. त्याला पाय मोडलेलं अक्षर दाखवा. म्, स्, न्. मी मुलांना सांगते, इंग्रजी अक्षर हे पाय मोडकं असतं, स्वर शेजारी येऊन त्याला उभं करतो. सुरुवातीला शब्दाच्या पहिल्या जागी लांबवता येणारीच व्यंजनं घ्या: म्, स्, न्, फ्, ल्, र्. 'म्म्म्ॲॲॲट' असं न तोडता ओढता येतं. ब्, प्, क्, ट् ओढता येत नाहीत, ती पहिल्या दोन आठवड्यांत फक्त शेवटी. म्हणजे मॅट, सॅट, फॅन, लॅप, रॅट, मॅप. बॅट आणि कॅट नंतर.

दुसरं, पुस्तकांत आणि व्हिडिओंत शब्द 'म्' आणि 'ॲट' असा तोडतात आणि मग 'ॲट'चे शब्द एकाखाली एक: मॅट, सॅट, रॅट, फॅट. इंग्रजी मुलांना ते सोपं जात असेल. आपल्या मुलांची जीभ बाराखडीवर वळलेली आहे. त्यांना 'मॅ' आणि 'ट' हे तुकडे नैसर्गिक वाटतात. मी बाराखडीचाच आधार घेते. मॅ, मॅ-ट, मॅ-प, मॅ-न, मॅ-ड. सॅ, सॅ-ट, सॅ-प, सॅ-ड. अशी शेवटची अक्षरं बदलत जायचं. यात आणखी एक फायदा आहे: 'ॲट'च्या यादीत मूल शेवटच्या दोन अक्षरांकडे बघतच नाही, पहिलं अक्षर वाचून बाकी गातं. 'मॅ'च्या यादीत त्याला शब्दाच्या टोकापर्यंत जावंच लागतं. पाचही स्वर झाले की मुलं स्वतःच म्हणायला लागतात: बॅ, बे, बि, बॉ, ब. आमच्या वर्गात तिला पाचखडी म्हणतात.

फक्त एक फरक दाखवायला विसरू नका. आपली मात्रा डोक्यावर बसते, उकार पायाशी, पहिली वेलांटी तर व्यंजनाच्या आधी येते. इंग्रजीत स्वराला स्वतःची जागा आहे, रांगेत, व्यंजनाच्या शेजारी. हे दाखवायला एल्कोनिन या रशियन मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकटी वापरतात: तीन आवाजांना तीन घरं. मी खडूने जमिनीवर तीन घरं काढते आणि मुलांना शिंपल्या देते, दोन पांढऱ्या, एक रंगवलेली. रंगवलेली म्हणजे स्वर. शब्द मी तोंडाने म्हणते, फळ्यावर काही नाही. "टब." मूल 'ट्' म्हणत पहिली शिंपली सरकवतं, 'अ' म्हणत रंगीत, 'ब्' म्हणत तिसरी.

एका मुलाची हकिगत सांगते. दुसरीत होता, वाचन शून्य, पण हात फार चपळ, घरी जाळी तुणायला बसायचा. 'टब' म्हटल्यावर त्याने दोनच शिंपल्या सरकवल्या. 'ट', 'ब'. मी परत म्हटलं, त्याने परत दोन. चूक कुठे होती? मराठीत 'टब' ही दोनच अक्षरं. 'अ' त्याला वेगळा ऐकूच येत नव्हता, तो 'ट'च्या पोटात होता. मी त्याला म्हटलं, 'टिब' म्हण. 'टॉब' म्हण. 'टॅब' म्हण. काय बदललं? तो विचारात पडला, मग रंगीत शिंपलीवर बोट ठेवून म्हणाला, "मधला." मग 'टब' परत. या वेळी मध्ये रंगीत शिंपली हळूच सरकली. यू अक्षर त्याला त्या दिवशी दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी रंगीत शिंपलीच्या जागी ठेवलं.

एकेका स्वराबद्दल थोडं थोडं.

आय. हा सोपा वाटतो, कारण 'इ' आपल्याकडे आहे. पण मराठीत एका आघाताच्या शब्दात 'इ' लांबतोच: तीन, वीट, पीठ, कीव. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांतही तत्सम नसलेल्या अकारान्त शब्दाच्या शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ लिहायचा आहे, कारण आपण तसंच बोलतो. मूल त्या सवयीने 'पीन', 'सीट' म्हणतं. आत्ता काही बिघडत नाही, पुढे 'शिप' आणि 'शीप' आले की जहाजाची मेंढी होते. यावर उपाय मराठीतच आहे. झाकण बसलं की आपण म्हणतो "फिट्ट बसलं". जोडाक्षर आलं की आधीचा स्वर आपोआप आखडतो: घट्ट, गच्च, चिठ्ठी, फिट्ट. तेव्हा पहिल्या आठवड्यात मुलांना 'सिट्ट', 'पिन्न', 'टिप्प' असं बिनधास्त म्हणू द्या. जिभेला छोटेपणा कळला की शेवटचा जोर तेवढा कमी करा. कोणी अधिकारी भेटीला आले तर त्यांना हे समजावून सांगायची तयारी ठेवा.

ओ. व्हिडिओ फसवतात ते इथे. मोबाईलवरचे बहुतेक गाजलेले फोनिक्स व्हिडिओ अमेरिकन असतात, आणि अमेरिकेत 'हॉट'चा उच्चार 'हाट'सारखा, 'बॉक्स'चा 'बाक्स'सारखा होतो. वर्गात तुम्ही 'ऑ' म्हणता आणि पडद्यावरची बाई 'आ'. मुलाने कोणाचं ऐकायचं? व्हिडिओ लावायचाच असेल तर आधी 'हॉट' हा शब्द ऐका आणि मग ठरवा. बाकी ओला फार वेळ लागत नाही. 'पॉट' आणि आपलं 'पोट' शेजारी म्हणून बघा, 'ऑ'ला ओठ कमी गोल होतात, जबडा खाली येतो. मुलं हसतात आणि लक्षात ठेवतात.

यू. आवाज सोपा, 'अ' तर आपला स्वतःचाच. बस, कप, टब, पंप सगळे तोंडात आहेत. अडचण अक्षराची आहे, कारण सुनील, कुणाल, कुडाळ यांत यू म्हणजे 'उ'. मुलं 'बट' ऐवजी 'बुट' वाचतात. गंमत म्हणजे उत्तर इंग्लंडात आजही 'कप' हा शब्द 'कुप'सारखा ऐकू येतो, म्हणजे आपली पोरं तिकडे खपून गेली असती. वाचनापेक्षा हे श्रुतलेखनात जास्त दिसतं. 'कप' लिही म्हटलं की मुलं हमखास सी-ए-पी लिहितात. कमलच्या नावावरून गेलं तर ते बरोबरच आहे! लाल रेघ मारू नका. "तू लिहिलेलं मी वाचून दाखवते," म्हणायचं आणि 'कॅप' वाचून डोक्यावरची टोपी दाखवायची. मग मूल स्वतः खोडतं. नावांची गोष्ट मी एकदाच स्पष्ट सांगून टाकते: "माणसांची आणि गावांची नावं आपल्या मर्जीने वागतात, त्यांना काम विचारायचं नाही."

ई. याला शेवटी ठेवायचं कारण हाच खरा अवघड. तोंडात तो 'इ' आणि 'ॲ' यांच्या बरोबर मधे आहे, दोन्हीकडून खेचला जातो. शिवाय आपला मराठी 'ए' लांब आहे. 'बेट' म्हणा, समुद्रातलं. आता इंग्रजी 'बेट', पैजेचं, त्याच्या निम्म्यात तुटतं. देवनागरीत या छोट्या 'ए'ला वेगळी खूण नाही, म्हणून लिहून दाखवून उपयोग नाही, ऐकवूनच दाखवावं लागतं. मी स्वतः कितीतरी वर्षं 'पेन' असं म्हणायचे की ते दुखण्याचं 'पेन' वाटावं. मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला तेव्हा कळलं. तुम्हीही एकदा ऐका: पिन, पेन, पॅन, सलग. स्वतःलाच फरक ऐकू आला नाही तर मुलांना येणार नाही. जोर देऊन 'जेट्टी' म्हणा, मग 'टी' सोडून द्या, 'जेट्ट'. तोच हवा तो 'ए'.

मग हनुवटीचा खेळ. तळहात हनुवटीखाली उताणा धरायचा आणि म्हणायचं: इ, ए, ॲ. जबडा तीन पायऱ्या उतरतो. 'इ'ला हात जवळजवळ हलत नाही, 'ए'ला थोडा, 'ॲ'ला चांगलाच खाली जातो. पिन, पेन, पॅन. बिट, बेट, बॅट. आधी मी म्हणायचं आणि मुलांनी डोळे मिटून बोटं दाखवायची, एक, दोन की तीन. ऐकून ओळखणं दहापैकी आठ वेळा जमलं की मगच वाचायला द्यायचं. घाई केली की 'बेड' आणि 'बॅड' परत एक होतात, तुमच्या वर्गात झालेत तसे. तुमच्या दुसरीला मी इथूनच परत सुरू केलं असतं, पण आधी पंधरा दिवस अक्षर ई पूर्ण बंद ठेवून फक्त 'ॲ' पक्का केला असता.

या सगळ्या काळात काही शब्द वर्गाबाहेर ठेवा. 'बॉल'मधला ए 'ऑ' बोलतो. 'कार' आणि 'हर' यांत शेवटचा आर स्वराला ओढून नेतो. 'पुट'मधला यू 'उ' आहे. शेवटी मुका ई असलेले 'केक', 'बाईक' नंतरचे. गंमत बघा, आपला तक्ता 'ए फॉर ॲपल, बी फॉर बॉल, सी फॉर कॅट' म्हणतो आणि पहिल्या तीन ओळींतच ए दोन तऱ्हेने वाजवतो. 'द', 'इज' असे लागणारे शब्द चेहऱ्याने ओळखायला शिकवा, पाच-सहाच, आणि हे 'पाहुणे शब्द' आहेत असं सांगा.

खरंच वाचतंय की घोकतंय हे ओळखायला खोटे शब्द द्या. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेतल्या मुलांची ४० शब्दांची तपासणी होते, त्यात निम्मे शब्द निरर्थक असतात आणि प्रत्येकाशेजारी एखाद्या विचित्र प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मुलाने ते नाव समजून वाचावं. मी प्राण्यांऐवजी मासे काढते, जगात नसलेले: 'मिब', 'टॉब', 'वॅब', 'लुप' नव्हे 'लप'. बघा, मीच घसरले. मुलं आपले मासे काढून त्यांना नावं ठेवतात आणि दुसऱ्याकडून वाचून घेतात. एकाने एका भुताचं चित्र काढून त्याखाली एच-ए-डी लिहिलं आणि 'हॅड' असं वाचून सगळ्यांना घाबरवलं. हा शब्द इंग्रजीत खरोखर आहे, हे त्याला सांगायचा धीर मला झाला नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी विचारेलच: इंग्रजी शब्दावर देवनागरीत उच्चार लिहू द्यायचा का? फळ्याच्या कोपऱ्यात आवाज दाखवायला मी देवनागरी वापरते. मुलाच्या पुस्तकात शब्दाच्या डोक्यावर मात्र अजिबात नाही. एकदा लिहिलं की डोळा वरच्या ओळीवरच जातो, खालची ओळ नुसती शोभेला. ज्यांच्या पुस्तकांत आधीच लिहिलेलं आहे त्यांना मी ते खोडायला लावत नाही, वर पट्टी ठेवून वाचायला सांगते.

घरच्यांना अभ्यास घ्यायला सांगून काही होत नाही आणि तशी गरजही नाही. मुलांना शब्द हुडकायला पाठवा. डिझेलच्या कॅनवर, बिस्किटाच्या पुड्यावर, एसटीच्या तिकिटामागे, तीन अक्षरी शब्द दिसला की कागदावर उतरवून आणायचा. गणपतीत मुंबईची भावंडं येतात, त्यांच्याकडून हक्काने वाचून घ्यायचा. परत येताना पोरं मलाच तपासतात की मुंबईच्या दादाने बरोबर वाचलं की नाही.

वेळापत्रक म्हणाल तर रोज पंधरा-वीस मिनिटं, सलग तास नको. जूनचा उरलेला आणि जुलै अक्षर ए. ऑगस्ट आय, आणि दोन्हींची सरमिसळ गणपतीच्या सुट्टीपर्यंत. सुट्टीनंतर आठवडाभर फक्त उजळणी, कारण पोरं भजनातून आणि मोदकांतून बाहेर यायला तेवढे दिवस लागतात. दिवाळीपर्यंत ओ आणि यू. ई दिवाळीनंतर, निवांत. कोणी मागे राहिलं तर त्याला पुढच्या स्वरात ढकलू नका, त्याला शिंपल्या द्या आणि दुसऱ्या एका मुलाला त्याच्याबरोबर बसवा. द्विशिक्षकी शाळेत दुसरीचं मूल पहिलीला शिकवतं, ही आपली जुनीच सोय आहे.

आणि एक, जुलैत उपयोगी पडेल. कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की तुमचा 'ए' आणि 'ॲ' मागच्या बाकापर्यंत पोचतच नाही. त्या वेळी आवाज चढवू नका, घसा बसेल. मुलांना जवळ गोल बसवा आणि आवाज न काढता फक्त ओठ हलवून शब्द म्हणा: पॅन, पॉट, पिन. ओठ आणि जबडा बघून मुलांनी ओळखायचं आणि पाटीवर मधलं अक्षर लिहून पाटी वर धरायची. ओठ गोल झाले की ओ, जबडा पडला की ए, दात जवळ राहिले की आय. पाऊस थांबेपर्यंत चालतो हा खेळ. आमच्याकडे एकदा दुपारी पावणेतीनला सुरू झाला तो शाळा सुटेपर्यंत चालला होता, आणि त्या दिवशी तासभर वर्गात कोणी बोललं नव्हतं.